फुकटात आलेला आगंतुक : ॲडवेअर

आजचा विषय मोबाईलचा आहे, पण तो निघाला बचत गटाच्या बैठकीतूनच. म्हणून सुरुवातही बैठकीपासूनच करतो.

आम्ही गटांच्या समन्वयाचं काम करतो. गावोगावच्या बैठकांना जाऊन बसतो. पावसाळ्यातली गोष्ट. एका गटाच्या सचिव ताई बँकेतली शिल्लक सगळ्यांना दाखवायला मोबाईल पुढे करत होत्या. बँकेचं ॲप उघडतंय तोवर पडदाभर एक जाहिरात आली. कसली, ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही. ताईंनी मोबाईल पटकन सतरंजीवर पालथा घातला. दोघीतिघी तोंडाला पदर लावून हसल्या. एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, हे काय बघत असतेस?" बैठक पुढे झाली, बचत जमा झाली, हप्ते आले. पण ताईंनी नंतर मान वर केली नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "मॅडम, सचिवपद दुसऱ्या कुणाला तरी द्या." कारण विचारलं तर आधी बोलेनात. मग हळूहळू बोलल्या. महिनाभर हेच चाललं होतं. मोबाईल हातात घेतला की जाहिरात. रात्री चार्जिंगला लावला तरी पडदा आपोआप उजळायचा आणि जाहिरात. थोरल्या मुलाने एकदा पाहिलं आणि म्हणाला, "आई, आपण जे बघतो तेच मोबाईलवर येतं." यजमान काही बोलले नाहीत, पण मोबाईल आता कपाटावर ठेवायला लागले. विचारून घ्यायचा, काम झालं की परत द्यायचा.

मैत्रिणींनो, त्या ताईंनी काहीही पाहिलं नव्हतं. पावसात वीज जायची म्हणून त्यांनी एक फुकटचं टॉर्चचं ॲप घेतलं होतं. एवढाच त्यांचा अपराध.

तालुक्याच्या गावी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आम्ही दोघी गेलो. तिथल्या मुलाने दोन मिनिटं बघून सांगितलं, "ताई, ॲडवेअर घुसलंय. सगळा मोबाईल फॉरमॅट मारावा लागेल." म्हणजे मोबाईल कोरा करायचा. त्यात गटाच्या कागदांचे फोटो होते, नोंदवहीची पानं होती. आम्ही म्हटलं, दादा, जरा थांब. मोबाईल घेऊन परत आलो आणि आधी हा शब्द काय आहे ते समजून घ्यायचं ठरवलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

शब्द कसा तयार झाला

'ॲडवेअर' हा दोन तुकड्यांचा शब्द आहे. 'ॲड' म्हणजे जाहिरात, हे आपल्याला माहीत आहे. 'वेअर' म्हणजे काय? त्यासाठी बाजारपेठेत जाऊ या. खिळे, बिजागऱ्या, कड्या-कोयंडे, कुलपं मिळतात त्या दुकानाच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं? हार्डवेअर. इंग्रजीत 'वेअर' म्हणजे माल, विकायच्या वस्तू. हार्डवेअर म्हणजे टणक माल, लोखंडी सामान. हा शब्द कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

पुढे कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्या हाताला लागणाऱ्या भागांना हार्डवेअर म्हणू लागले. पण कॉम्प्युटर नुसत्या लोखंडावर आणि तारांवर चालत नाही. काय करायचं, कोणत्या क्रमाने करायचं, याच्या सूचना त्याला द्याव्या लागतात. त्या सूचना हाताला लागत नाहीत. चूल हार्डवेअर, तर आमटी कशी करायची ते डोक्यातलं ज्ञान म्हणजे सॉफ्टवेअर, असं समजा. जॉन टुकी नावाच्या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने १९५८ साली आपल्या लेखात या अर्थाने सॉफ्टवेअर हा शब्द छापला. आपल्या मोबाईलमधली सगळी ॲप्स म्हणजे सॉफ्टवेअरच.

एकदा सॉफ्टवेअर हा शब्द रुळला, तशी 'वेअर'ची शेपटी लोक कशालाही जोडू लागले. आपण नाही का 'वाला' लावून दूधवाला, भाजीवाला, बांगडीवाला करतो, तसंच. १९८२ साली अमेरिकेत अँड्र्यू फ्लुगलमन नावाच्या गृहस्थांनी एक प्रोग्रॅम लिहिला आणि तो लोकांना फुकट वापरायला दिला. सोबत एवढंच सांगितलं की आवडला तर स्वखुशीने पैसे पाठवा. त्याला त्यांनी 'फ्रीवेअर' असं नाव दिलं आणि त्या नावावर आपला हक्क नोंदवला. दुसऱ्यांना मग ते नाव वापरता येईना. बॉब वॉलेस यांनी १९८३ साली आपल्या प्रोग्रॅमसाठी 'शेअरवेअर' हा शब्द घेतला. म्हणजे वापरून बघा, मित्रांना वाटा, आणि उपयोगी पडला तर पैसे द्या.

पण सगळेच पैसे पाठवत नाहीत, हे आपल्याला गटाच्या अनुभवावरून कळतंच! मग तिसरा रस्ता निघाला. वापरणाऱ्याकडून पैसे घ्यायचेच नाहीत, जाहिरात देणाऱ्याकडून घ्यायचे. प्रोग्रॅमच्या एका कोपऱ्यात जाहिरातीची चौकट ठेवायची. जाहिरातीच्या पैशावर चालणारं सॉफ्टवेअर, ते ॲडवेअर. शब्दाचा मूळ अर्थ एवढाच आहे, आणि त्यात काही वाईट नाही.

जाहिरातीवर चालणं जुनंच आहे

जाहिरातीच्या पैशावर एखादी गोष्ट लोकांना फुकट किंवा स्वस्तात देणं ही काही कॉम्प्युटरवाल्यांनी काढलेली युक्ती नाही. आपला रेडिओच बघा ना. अमेरिकेत १९३३ साली 'मा पर्किन्स' नावाची रेडिओ मालिका सुरू झाली. तिचा खर्च कपड्यांच्या साबणाची कंपनी करायची. दुपारी घरकाम करणाऱ्या बायका मालिका ऐकायच्या, मधे साबणाची जाहिरात व्हायची. अशा मालिकांना पुढे 'सोप ऑपेरा' हे नाव पडलं. सोप म्हणजे साबण. आज टीव्हीवरच्या सासू-सुनांच्या मालिकांनाही तेच नाव आहे, साबण विकायचा असो वा नसो.

तुमच्यातल्या वयाने मोठ्या मैत्रिणींना 'बिनाका गीतमाला' आठवत असेल. १९५२ साली रेडिओ सिलोनवर ती सुरू झाली, अमीन सायानींचा आवाज घरोघरी पोचला. बिनाका हे टूथपेस्टचं नाव. गाणी आपण फुकट ऐकली, खर्च टूथपेस्टवाल्यांनी केला. आपल्या विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या त्या १ नोव्हेंबर १९६७ रोजी, आणि त्याही सर्वांत आधी मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवर. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातूनच.

सामुदायिक रेडिओलाही थोड्या जाहिराती घ्यायची परवानगी आहे. २००६ च्या सरकारी धोरणात तासाला पाच मिनिटांची मर्यादा होती, पुढे ती वाढवली गेली. मर्यादा आहे, वेळ ठरलेली आहे, आणि जाहिरात लागली की ती जाहिरात आहे हे ऐकणारीला कळतं. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

कॉम्प्युटरमध्येही अशी सरळ चालीची उदाहरणं होऊन गेली. 'युडोरा' नावाचा ईमेलचा प्रोग्रॅम होता. तो लिहिणाऱ्या स्टीव्ह डॉर्नर यांनी त्याला युडोरा वेल्टी या अमेरिकी लेखिकेचं नाव दिलं होतं, कारण तिची पोस्ट ऑफिसात राहायला गेलेल्या बाईची एक कथा आहे. सन २००० मध्ये युडोराने वापरणाऱ्यांपुढे तीन पर्याय ठेवले. पैसे भरा आणि जाहिरातींशिवाय वापरा. पैसे नको असतील तर जाहिरातींसह सगळा वापरा. किंवा जाहिरातही नको आणि पैसेही नको, तर थोड्या कमी सोयींचा घ्या. 'ऑपेरा' नावाचा इंटरनेट बघायचा प्रोग्रॅमही २००० सालच्या अखेरीस जाहिरातीसह फुकट मिळू लागला आणि २००५ मध्ये त्याने ती जाहिरात काढून टाकली. इथे कुणाची फसवणूक नव्हती. जाहिरात दिसत होती, आणि नको असेल तर काय करायचं तेही सांगितलेलं होतं.

मग शब्द बिघडला कसा

पाहुणा दारातून आला, ओसरीवर बसला, चहा घेऊन गेला, तर तो पाहुणा. तोच मागच्या दाराने आला, माजघरात शिरला, कपाटं उघडून बघायला लागला आणि जा म्हटलं तरी जाईना, तर त्याला काय म्हणाल? ॲडवेअरचं तसंच झालं.

त्याच काळात अमेरिकेत 'गेटर' नावाचा एक प्रोग्रॅम पसरला होता. पासवर्ड लक्षात ठेवायचा, फॉर्म आपोआप भरून द्यायचा. काम उपयोगाचं. पण त्याच्यासोबत जाहिराती दाखवणारा दुसरा भागही कॉम्प्युटरमध्ये शिरायचा. माणूस कोणत्या वेबसाइटवर जातो ते बघायचा आणि तिथे वर आपल्या जाहिराती आणून ठेवायचा. म्हणजे दुकान एकाचं, आणि पाटीवर कागद दुसऱ्याचा चिकटवलेला. २००२ मध्ये तिथल्या मोठ्या वृत्तपत्रांनी या कंपनीवर दावा ठोकला, पुढच्या वर्षी तो आपसात मिटला. नाव इतकं खराब झालं की २००३ मध्ये कंपनीने आपलं नावच बदललं.

स्टीव्ह गिब्सन या अमेरिकी जाणकाराला २००० साली आपल्याच कॉम्प्युटरमध्ये जाहिरातीचा असा एक छुपा भाग सापडला. तो काढायला त्याने स्वतः प्रोग्रॅम लिहिला आणि लोकांना फुकट दिला. त्या सुमाराला 'स्पायवेअर' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला. स्पाय म्हणजे हेर. जाहिरात दाखवतं ते ॲडवेअर, गुपचूप पाळत ठेवतं ते स्पायवेअर, आणि नुकसान करायलाच बनवलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरला मिळून 'मालवेअर'. मराठी 'माल' नव्हे बरं का! इंग्रजी 'मॅलिशस' म्हणजे वाईट हेतूचं, त्यातला तो 'मॅल'. पण जाहिरात नेमकी दाखवायची तर माणसाची माहिती लागते, म्हणून ॲडवेअर आणि स्पायवेअर यांच्यातलं कुंपण बऱ्याचदा मोडलेलंच असतं.

२००६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 'झँगो' नावाच्या कंपनीवर कारवाई केली. तिचे जाहिरातींचे प्रोग्रॅम लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये संमतीशिवाय शिरत होते आणि काढू म्हटलं तर निघत नव्हते. कंपनीला तीस लाख डॉलर भरावे लागले. २०१५ मध्ये तर लेनोवो कंपनीच्या काही नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्ये दुकानातूनच 'सुपरफिश' नावाचं ॲडवेअर येत असल्याचं उघड झालं. ते बँकेसारख्या सुरक्षित पानांच्या मधे शिरत होतं, आणि त्यासाठी त्याने सगळ्या लॅपटॉपना एकाच किल्लीचं कुलूप लावून ठेवलं होतं. एक किल्ली चोराला मिळाली की सगळी घरं उघडी. पुढे कंपनीने ते काढायची सोय केली.

आणि आता आपल्या ताईंच्या टॉर्चचा सख्खा भाऊ ऐका. 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' नावाचं फुकटचं टॉर्चचं ॲप होतं. ते कोट्यवधी लोकांनी घेतलं होतं. तो टॉर्च मोबाईल कुठे आहे ती जागा आणि मोबाईलची ओळख जाहिरातवाल्यांना कळवत होता, आणि हे वापरणाऱ्यांना नीट सांगितलं नव्हतं. नको म्हणायचं बटण होतं, पण ते दाबायच्या आधीच माहिती गेलेली असायची. २०१३ च्या डिसेंबरात त्याच व्यापार आयोगाने त्याच्यावर कारवाई जाहीर केली. उजेड पाडायला टॉर्चला तुमचं गाव कशाला कळायला हवं? एवढा प्रश्न विचारला तरी पुष्कळ.

यात पैसा कसा मिळतो

जाहिरातीचा हिशोब समजला की बाकीचं आपोआप समजतं. ॲपवाल्याला पैसे मिळतात ते बहुधा तीन प्रकारे. जाहिरात हजार वेळा दिसली की अमुक, कुणी तिच्यावर बोट लावलं की अमुक, आणि त्यातून कुणी नवं ॲप घेतलं की अमुक. एका वेळेचे पैसे फार थोडे असतात. म्हणून सरळ मार्गाचा माणूस चांगलं ॲप बनवतो, ते रोज उघडलं जावं असं बघतो. वाकड्या मार्गाचा माणूस म्हणतो, ॲप उघडायची वाट कशाला बघू? मोबाईल चालू असेल तेव्हा दाखवतो. बँकेचं ॲप उघडलं तरी वर माझी जाहिरात. रात्री सगळे झोपले तरी माझी जाहिरात.

असली ॲप्स लबाडही असतात. काही आपलं चित्र पडद्यावरून लपवतात, म्हणजे काढायला गेलं तर सापडत नाहीत. काही घेतल्यावर काही दिवस गप्प राहतात, म्हणजे कुठल्या ॲपमुळे त्रास सुरू झाला ते कळू नये. गूगलने २०२० च्या फेब्रुवारीत असल्या त्रासदायक जाहिराती दाखवणारी जवळजवळ ६०० ॲप्स प्ले स्टोअरवरून काढून टाकली. म्हणजे प्ले स्टोअरवरचं सगळंच चोख असतं असंही नाही.

आता त्या मुलाच्या बोलण्याकडे येऊ. "आपण जे बघतो तेच येतं." हे अर्धंच खरं आहे. काही जाहिराती आपण काय शोधलं त्यावरून येतात, हे बरोबर. पण जागा, भाषा, वय, मोबाईलचा प्रकार यांवरूनही येतात. आणि ॲडवेअर तर जो पैसे देईल त्याची जाहिरात ज्याच्या त्याच्या पडद्यावर आदळत असतं. घाणेरडी जाहिरात देणारा पैसे देतो, म्हणून ती येते. ती आजीच्या मोबाईलवर येते, शाळेतल्या पोराच्या मोबाईलवर येते. गल्लीतल्या भिंतीवर कुणी रात्रीतून पोस्टर चिकटवलं, तर घरमालकिणीची चूक काय?

हे घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही ऐकावं म्हणून मुद्दाम सांगतो. असल्या जाहिरातीमुळे बाईच्या हातातला मोबाईल काढून घेतला, तर नुसता मोबाईल जात नाही. गटाचा हिशोब जातो, बँकेचा निरोप जातो, माहेरचा फोन जातो. आणि खरा उपद्व्यापी तर तसाच मोबाईलमध्ये बसून राहतो.

दुसरं नुकसान पैशाचं. रिचार्जचा डेटा संपतो, बॅटरी उतरते. आणि "पाच मिनिटांत कर्ज, कागद नको" असल्या जाहिराती गरजवंत बाईला नेमक्या वेळी गाठतात. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जाचे नियम केले. कर्जाची रक्कम बँकेच्या किंवा नोंदणीकृत वित्तसंस्थेच्या खात्यातून थेट आपल्या खात्यात यायला हवी आणि व्याज व सगळे खर्च आधी लेखी कळायला हवेत. जाहिरातीतून आलेलं ॲप हे सांगत नसेल तर हात लावू नका. आपल्या गटाचं अंतर्गत कर्ज आहे ना?

काय करायचं

आम्ही ताईंच्या मोबाईलवर काय केलं ते क्रमाने सांगतो. मोबाईलच्या कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतील, पण रीत हीच.

पहिलं, जाहिरात आली की घाबरून तिच्यावर बोट लावू नका. खोटी फुलीसुद्धा असते, दाबली की दुसरं पान उघडतं. त्याऐवजी चालू असलेली ॲप्स दाखवणारं बटण दाबा. तिथे जाहिरात ज्या ॲपची आहे त्याचं नाव बऱ्याचदा दिसतं.

दुसरं, सेटिंग्जमध्ये जाऊन ॲप्सची यादी उघडा. त्रास सुरू झाला त्याच्या आधीच्या दिवसांत काय काय घेतलं ते आठवा. नको ते ॲप निवडा आणि अनइन्स्टॉल करा. अनइन्स्टॉलचं बटण दबत नसेल, तर त्या ॲपने मोबाईलच्या कारभारीपणाचा हक्क घेतलेला असू शकतो. सेटिंग्जमध्ये डिव्हाइस ॲडमिन ॲप्स असं शोधा, तिथला त्याचा हक्क बंद करा, मग ते काढता येतं.

तिसरं, सापडतच नसेल तर सेफ मोड वापरा. बऱ्याच मोबाईलमध्ये बंद करायचं बटण दाबून धरलं आणि पडद्यावरच्या पॉवर ऑफवर बोट दाबून ठेवलं की सेफ मोड विचारतो. त्यात आपण बाहेरून घेतलेली ॲप्स चालत नाहीत. तिथे जाहिराती थांबल्या, म्हणजे दोषी त्यांच्यातलंच एक आहे. मग एकेक काढत जा आणि मोबाईल नेहमीसारखा सुरू करून बघा.

चौथं, सेटिंग्जमध्ये 'दुसऱ्या ॲप्सवर दिसण्याची परवानगी' अशा अर्थाची एक जागा असते. कोणकोणत्या ॲपला ती दिली आहे ते बघा. टॉर्चला, वॉलपेपरला, गेमला ती लागत नाही. बंद करा.

पाचवं, कधी कधी ॲप दोषी नसतंच. आपण एखाद्या वेबसाइटवर 'परवानगी द्या' दाबलेलं असतं आणि तिथून वर सूचना येत राहतात. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन उघडा आणि अनोळखी वेबसाइटची परवानगी काढा.

सहावं, प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर बोट लावा, प्ले प्रोटेक्ट निवडा आणि स्कॅन करा. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्रही २०१७ पासून आहे, तिथे मोबाईल आणि कॉम्प्युटर साफ करायची साधनं फुकट मिळतात.

मोबाईल कोरा करणं हा शेवटचा उपाय. तेव्हाही आधी फोटो आणि नंबर दुसरीकडे जपून ठेवा.

ताईंच्या मोबाईलमध्ये दोन ॲप्स निघाली. एक ते टॉर्चचं, दुसरं मोबाईल साफ करून देतो म्हणणारं. त्याची जाहिरात पहिल्यानेच दाखवली होती! दोन्ही काढली आणि त्या रात्री पडदा उजळला नाही. टॉर्च तर मोबाईलमध्ये आधीपासूनच होता, वरून खाली बोट ओढलं की दिसतो. कॅलक्युलेटर, घड्याळ, टॉर्च, आवाज रेकॉर्ड करायची सोय, हे मोबाईलसोबतच येतं. घरात विळी असताना दारावर आलेल्याकडून दुसरी कशाला घ्यायची?

नवं ॲप घ्यायचंच असेल तर तीन गोष्टी विचारा. ॲपचं काम काय, आणि ते मागतंय काय? बनवणारा कोण, आणि लोकांनी त्याच्याखाली काय लिहिलंय? जाहिरात असेल तर ती ॲप उघडल्यावरच येते ना, आणि बंद करता येते ना? रेडिओवरच्या जाहिरातीच्या तीन गोष्टी आठवा : मर्यादा, ठरलेली वेळ, आणि ही जाहिरात आहे हे कळणं. त्या पाळणारं ॲप असेल तर जाहिरात बघून वापरायला हरकत नाही. बनवणाऱ्यालाही पोट आहे. आणि व्हॉट्सॲपवर आलेली, नावाच्या शेवटी 'एपीके' लिहिलेली फाइल उघडू नका, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली का असेना.

कायदाही आपल्या बाजूने थोडा सरकला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात ग्राहकांना फसवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी करून त्यांना बंदी केली. जाहिरात आहे हे लपवून केलेली जाहिरात त्यात आहे, आणि पुन्हा पुन्हा मागे लागून सतावणंही आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. आणि जाहिरातीवर बोट लावल्यामुळे खात्यातून पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा. घरच्यांना काय वाटेल म्हणून दोन दिवस थांबू नका, लवकर कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

पुढच्या बैठकीला आम्ही तोच विषय घेतला. सतरंजीवर सगळ्यांचे मोबाईल मधे ठेवले आणि एकेक बघितला. चार जणींच्या मोबाईलमध्ये तसलंच काही ना काही निघालं. त्या हसलेल्या काकूंच्या मोबाईलमध्ये तीन निघाली. नातवाने घातलेले गेम होते. काकू जरा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "मला वाटायचं माझाच मोबाईल बिघडलाय. लाजेने कुणाला दाखवला नाही." म्हणजे एक हसत होती आणि एक रडत होती, पण दुखणं दोघींचं एकच होतं.

सचिव ताई अजून सचिवच आहेत. त्यांच्या मुलाने माफी वगैरे मागितली नाही, पण एका संध्याकाळी स्वतःचा मोबाईल आईपुढे ठेवला आणि म्हणाला, "माझ्यातलं पण बघ ना एकदा." मोबाईल कपाटावरून खाली आला आहे.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याच्या बैठकीत बचत गोळा झाली की दहा मिनिटं काढा. मोबाईल मधे ठेवा आणि एकमेकींचे बघा. एखादीच्या मोबाईलवर नको ते दिसलं तर हसू नका. "कोणतं ॲप घेतलं होतंस गं?" एवढंच विचारा. पुढच्या वेळी नव्या विषयासह भेटू. नमस्कार.